काहीतरी झालं असणार तिच्या आयुष्यात

देव न मानणारा माणूस आपल्याला चालतो. ऑफिसात असतो एखादा. आरतीच्या वेळी बाहेर फोनवर बोलत उभा राहतो, मोदक मात्र दोन जास्तच खातो. आपण हसून सोडून देतो. पण देवाधर्माचं नाव काढलं की ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते, त्याचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही. मग ठरलेलं वाक्य येतं, तेही आवाज खाली आणून : "काहीतरी झालं असणार त्याच्या आयुष्यात."

मी देव मानते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी टाइमलाइन खणत बसायला नको. घरी गौरी-गणपती असतात, घट बसतात, एकादशी धरते (त्यात साबुदाण्याच्या खिचडीचा वाटा किती, हे विचारू नका). आणि माझं मत असं आहे की ते वाक्य अगदी खरं आहे. काहीतरी झालेलंच असतं. गडबड एवढीच, की आपण ते वाक्य विषय मिटवायला वापरतो. नेमकं काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

माझ्या आत्याचं सांगते. आत्याला ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जे त्या काळी सगळ्या घरांत व्हायचं ते झालं. आत्या तेव्हा चिडली नाही. तिचा देवावर भारी जीव. पहाटे उठून पूजा, मग दिवसभर शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवून तिनं पोराला डिप्लोमा करायला लावला. पुढं त्याचं लग्न ठरलं. आणि देवक बसवायची वेळ आली तेव्हा पाटावर चुलता-चुलती बसले. हळद लावायला पाच सवाष्णी बोलावल्या. आत्या माजघराच्या दारात उभी होती, तर कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं, "ताई, तुम्ही जरा आत बसा, पोराचं बरं व्हावं असं तुम्हालाही वाटतंच ना."

मला वाटतं तिथं तुटलं. नवरा गेला तेव्हा देव होता. त्या गोड वाक्यानंतर राहिला नाही. तुझी सावली पोराला बाधेल, असं तिला तिच्याच लेकराच्या मांडवात सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांनी साक्षीला देवाला उभं केलं. लग्न आटोपल्यावर तिनं देव्हाऱ्यातले टाक कापडात बांधून दिराच्या घरी पोचवले. त्यानंतर सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा तिनं हातात घेतला नाही. कुणी आग्रह केला तर असं काही बोलायची की बायका कानावर हात ठेवायच्या. आमच्याकडे तिच्याबद्दल काय बोललं जायचं? दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय. वर ती शिव्या ज्यांना देत होती ते देव नव्हतेच, आमचे वाडवडील होते. पण आम्ही सगळ्यांनी ते देवाच्या नावावर खपवलं, कारण तेच सोयीचं होतं.

आता हे बघा. देवाला शिव्या देण्याबद्दल मराठी माणसानं कुणाला शहाणपण शिकवूच नये. जनाबाई विठोबाला 'मूळ मायेच्या कारट्या' म्हणते, पुढं जे म्हणते ते आजच्या कुठल्याही मंडळानं बॅनरवर छापायची हिंमत करू नये. तुकोबांनी तर माझ्या लेखी देव मेला असं लिहून ठेवलंय. आणि चोखोबांचा मुलगा कर्ममेळा विठ्ठलाला विचारतो, उष्टं खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? ही सगळी माणसं आपल्याला संत म्हणून चालतात. म्हणजे देवावर रागावणं आपल्याकडे भक्तीतच जमा होतं. कठीण जातं ते देवाच्या दारातल्या माणसाला जाब विचारणं. चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच झाली. दलितांसाठी विठ्ठलाचं मंदिर उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. त्या दाराशी चोखोबा आणि गुरुजी यांच्यामध्ये सहाशे वर्षं गेली. देवाला नावं ठेवणारे अभंग मात्र या सहाशे वर्षांत आतल्या बाजूला सुखेनैव गायले जात होते.

आणि 'एवढा राग कशाला, शांतपणे सांगता येत नाही का' असं जे म्हणतात, त्यांनी बाबासाहेबांच्या तारखा एकदा लावून बघाव्यात. घर कबीरपंथी. वडील मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावणारे. म्हणजे धर्म परका नव्हता, उशाशी होता. १९२७ ला महाड, पाणी मागायला. त्याच वर्षाअखेर मनुस्मृतीचं दहन. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू. मागणी काय होती? आम्हाला तुमच्या रामाचं दर्शन घेऊ द्या. यापेक्षा आस्तिक मागणी कुठली असते हो? रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले, दार उघडलं नाही. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. आणि प्रत्यक्ष नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्माधर्मांचा अभ्यास केला, आपल्यालाही वेळ दिला. आपण काय केलं त्या वेळेचं? बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेशाला मानणार नाही हे पहिलंच वाक्य आहे, ते ऐकून आजही काहींना लागतं. लागू दे. एकवीस वर्षांचा अवधी देऊन मग रागावलेला माणूस उतावीळ म्हणता येत नाही.

शिवाय त्यांनी धर्म ही गोष्टच टाकली नाही, बुद्ध घेतला. महात्मा फुल्यांचंही तसंच. पुरोहितशाहीवर इतकं जळजळीत लिहिणाऱ्या माणसानं निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, मानलाच की. म्हणून 'धर्मावर राग म्हणजे नास्तिक' हे गणितही मला पटत नाही. उलट मला भेटलेले खरे पक्के नास्तिक फार थंड असतात. त्यांचं कुणाशी काही भांडण नसतं. डॉ. श्रीराम लागू 'देवाला रिटायर करा' म्हणायचे, तेही पेन्शनीच्या कागदावर सही मागावी इतक्या सभ्यपणे. त्यांच्याबरोबर गावोगाव वादसंवाद करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच व्यासपीठावरून सांगायचे की आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. हे वाक्य त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. दोघांना जन्मठेप व्हायला २०२४ साल उजाडलं, तिघे सुटले. तेव्हा धर्मावर चिडलेल्यांची भीती वाटते असं कुणी म्हणालं की मला हसावं की रडावं कळत नाही. त्या सकाळी चिडलेला कोण होता, आणि हातात काय होतं?

माझ्या कोल्हापूरचंच उदाहरण द्यायचं तर शाहू महाराज. छत्रपती असूनही त्यांच्याच पदरचा पुरोहित त्यांना शूद्र धरून त्यांच्यासाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला तयार नव्हता, पुराणांतल्या पुराणोक्तावर भागवायचा. राजाची ही गत, तर बाकीच्यांची काय विचारता. पुढं त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मण नसलेल्या धर्मगुरूचं, वेगळं पीठच उभं केलं. गादी होती म्हणून जमलं. आत्याकडे गादी नव्हती, शिलाई मशीन होतं.

हे फक्त हिंदूंचं आहे असं समजून कुणी खूश होऊ नका, आणि कुणी दुखावूनही घेऊ नका. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! एका टेम्पोत मावतील इतक्या. सर्वोच्च न्यायालयानं तत्काळ तीन तलाक रद्दबातल ठरवला २०१७ मध्ये. म्हणजे एक्कावन्न वर्षं. दलवाई तोवर कधीच गेले होते, मरणोत्तर कुठलाही धार्मिक विधी करू नका असं सांगून. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथातला, धर्मगुरूंनी जमातीबाहेर काढण्याचा बहिष्कार बघा. बहिष्कृत माणसाला स्वतःच्या माणसांशेजारी दफनाची जागाही मिळेना. मुंबई राज्यानं १९४९ साली असे बहिष्कार बंद करणारा कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली. आपल्या आईच्या कबरीवर फूल ठेवायला बंदी झालेल्या माणसानं धर्माबद्दल कसं बोलावं अशी आपली अपेक्षा आहे? मंजूळ?

अजून एक राग असतो, त्यात जातही नसते, बाईपणही नसतं. ओळखीतल्या एका घरात लहान मूल आजारानं गेलं. भेटायला येणाऱ्यांपैकी एकानं पूर्वजन्मीचं देणं सांगितलं. दुसऱ्यानं घराण्यातला दोष काढला आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या म्हणाला. तिसऱ्यानं देवाला चांगली माणसं आवडतात असं सांगितलं. हे सगळे वाईट नव्हते, डोळे पुसतच बोलत होते. पण त्या आईनं मला नंतर सांगितलं, "गप्प बसले असते तर देव राहिला असता माझा." मी त्यावर काय बोलणार? दुःखाला कारण चिकटवायची आपल्याला फार घाई. कारण मिळालं की आपण मोकळे होतो आणि जिचं मूल गेलं ती आरोपी होते. तिचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणाल बाई पार्टी बदलली. उसना राग मला अजिबात सहन होत नाही. ज्याला जन्मात कुठल्या दारात कुणी अडवलं नाही, जो आईनं केलेल्या नैवेद्यावर वाढला, तो फेसबुकवर डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या वारकरणीचा फोटो टाकून 'अडाणी जनता' लिहितो. अरे, ती बाई वर्षातले पंधरा-वीस दिवस सासर, शेत, गुरं सगळं सोडून स्वतःच्या मर्जीनं चालतेय. तिच्या आयुष्यातली ती एकमेव सुट्टी असेल. तिच्यावर हसायला अक्कल लागत नाही. दुसरा प्रकार आणखी चलाख. यांची श्रद्धा स्वतःच्या धर्मापुरती आणि बुद्धिवाद शेजाऱ्याच्या धर्मापुरता. या लोकांना मी चिडलेले समजत नाही. हे प्रेक्षक.

बाकी फरक ओळखणं अवघड नाही. खरा चिडलेला माणूस धर्माचे तपशील आपल्यापेक्षा जास्त जाणतो. आत्याला अख्खी पोथी पाठ होती. शिवी देतानासुद्धा ती कितव्या अध्यायातलं खोटं आहे ते सांगायची.

काही बदलतंय का? बदलतंय, कडेकडेनं. आमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद. सरकारनंही लगोलग परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. मी पेपरात ते वाचून आत्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ठराव चांगलाय, पण आमच्या गल्लीत हळदीकुंकवाची यादी ठराव वाचून होत नाही." बरोबर आहे त्याचं. यादी आपण करतो. संक्रांतीला कुणाला बोलावायचं हे ठरवायला आपल्याला ना शंकराचार्य लागतात ना ग्रामसभा. माझ्या यादीत आता विधवा मैत्रिणी असतात. पहिल्या वर्षी दोघी बायका वाण न घेताच उठून गेल्या. त्यांची वाणं मी कामवाल्या मावशींना दिली, स्टीलचे डबे होते, चांगले.

परवा वहिनीचा फोन. भाचीनं जाहीर केलंय म्हणे, येत्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात मी 'नाही' लिहिणार. आता या पोरीला पाळीच्या दिवसांत गौरीसमोरून हाताला धरून उठवलं होतं, सगळ्या पाहुण्यांदेखत. तेव्हापासून तिचं हे चाललंय. २०११ च्या जनगणनेत नास्तिक अशी नोंद झालेले अख्ख्या देशात ३३ हजारच्या आसपास होते आणि त्यांतले सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, साडेनऊ हजारांच्या वर. म्हणजे पोरगी अगदीच एकटी नाही. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचं ऐकते ती, तुम्ही समजावा." मी म्हटलं, प्रगणक आला की सांगेल ते तो लिहून घेईल, तसा नियमच आहे, त्यात समजवायचं काय? वहिनी जरा घुश्शातच म्हणाल्या, "आणि यंदा गौरीला काय करायचं मग?"

मी सांगितलं, तिला बोलवा, आणि या खेपेला कितवा दिवस आहे ते विचारू नका. वहिनींनी अजून उत्तर दिलेलं नाही.