जैसलमेरचा वरखर्च

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर राजस्थान टूरची पत्रकं पडायला लागतात. ‘सगळं धरून’ अमुक हजार. मग आकड्यांची तुलना सुरू होते. खाली बारीक अक्षरात ‘यात समाविष्ट नाही’ अशी यादी असते, ती कोणी वाचत नाही. आणि परत आल्यावर हीच मंडळी सांगतात, ‘तिकडे पावलोपावली लुटतात हो.’

माझं मत थोडं कडू आहे. आपण सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवतो, म्हणून टूरवाला एकेक गोष्ट पॅकेजमधून काढून बाहेर ठेवतो. रात्रीचं जेवण आत, दुपारचं बाहेर. उंट आत, जीप बाहेर. गाइड आत, तिकिटं बाहेर. तो काही लपवत नाही, आपणच वाचत नाही.

जैसलमेर शहरातला वरखर्च किरकोळ असतो, पण टोचतो. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, तिथे आजही लोकवस्ती आहे. मात्र आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला आहे. पटवांची हवेली ही एक नसून पाच हवेल्या आहेत, आणि त्यातल्या खासगी संग्रहालयाचं तिकीट वेगळं. गडीसर तलावातली बोट, बडा बागेतल्या छत्र्या (राजघराण्याची स्मारकं), पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं कुलधरा गाव, सगळीकडे पाकीट उघडावं लागतं. चौघांच्या कुटुंबाने दिवसाला हजारभर रुपये यासाठी बाजूला ठेवावेत आणि विसरून जावं.

खरा खेळ सम गावाजवळच्या वाळूच्या टेकाडांवर. शहरापासून साधारण 40 किलोमीटर. पत्रकात ‘कॅमल सफारी’ असते, पण ती किती लांब हे लिहिलेलं नसतं. बरेचदा कॅम्पजवळच्या टेकाडापर्यंत जाऊन परत, की झाली सफारी. सूर्यास्त बघायचा तर पुढच्या टेकाडावर जावं लागतं, आणि तो दर उंटवाल्याशी वेगळा. तुम्ही उंटावर बसलेले, सूर्य खाली चाललेला, अशा वेळी घासाघीस कोण करणार? पण आपल्याकडच्या काकू करतात! उंट बसलेला, काका वर, मुलं वर, आणि काकू वाळूत पाय रोवून पन्नास रुपयांसाठी उभ्या. तेवढ्यात सोड्याच्या बाटल्या घेऊन एक पोरगा मागे लागतो, ‘पहले पी लो आंटी, पैसे बाद में.’ ती बाटली अर्थातच दुकानापेक्षा महाग. दोनशे पावलांवर गाणारे बसलेले. फोटो काढलात की पेटीवर नोट ठेवायची हे न सांगता कळतं.

इथे माझं बहुतेकांशी पटत नाही. उंटवाल्याला मी लुटारूंच्या यादीत टाकत नाही. टूरिस्टांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, पण उंट बाराही महिने खातो. 2012 च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांवर उंट होते, 2019 मध्ये दोन लाख तेरा हजारांच्या आसपास उरले. मधल्या काळात, 2014 साली, सरकारने उंटाला राज्यपशूचा मान दिला. मान मिळाला, चारा नाही. गाडी, जीप, ट्रॅक्टर आल्यावर उंटाला जी थोडी कामं राहिली त्यात ही वाळूतली फेरी आहे. तिथे पन्नास रुपये वाचवून आपण कुठला बंगला बांधणार आहोत?

रात्री कॅम्पवर गाणाऱ्या मांगणियार लोकगायकांचंही तेच. खडताल कशी वाजते ते एकदा जवळ बसून बघा: एका हातात लाकडाच्या दोन सुट्या पट्ट्या, ना दोरी ना बिजागरी, आणि बोटं दिसेनाशी होतात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी गात आले, आता यजमान आपण. कॅम्पवाला त्यांच्या हातावर किती टेकवतो हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून गाणारे, ड्रायव्हर आणि गाइड यांच्यासाठी मी घरूनच वेगळं पाकीट नेते, शंभराच्या सुट्या नोटांचं. वाळूत नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि ‘गूगल पे चालत नाहीये’ म्हणत हात झटकणं बरं दिसत नाही.

हात आखडायचाच तर हस्तकलेच्या त्या मोठ्या दुकानात आखडा. ड्रायव्हर तिथे ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून थांबवतो, चहा फुकट मिळतो, आणि त्या चहाची किंमत चादरीत लावलेली असते. जीपच्या बाबतीत एकच विचारा: दर गाडीचा की माणशी? आणि किती वेळ? बसायच्या आधी विचारा, नंतर नाही.

सीमेजवळचं तनोट देवीचं मंदिर आणि लोंगेवालाची रणभूमी बघायची असेल (1971 च्या युद्धाबद्दल वाचलेल्या माणसाने बघावीच) तर ते पत्रकात आहे का, ते बुकिंगलाच तपासा. तनोट जैसलमेरपासून सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस. देवीच्या दर्शनाला पैसे नाहीत, गाडीला आहेत, आणि ते ऐन वेळी ठरवले तर ड्रायव्हर सांगेल तो भाव. नाताळचा आठवडा आणि माघी पौर्णिमेचा मरु महोत्सव या दिवसांत कॅम्पचे दरही चढलेले असतात. सुट्टी एखाद्या वेगळ्या आठवड्यात मिळत असेल तर तेव्हाच जा, आणि वाचलेल्या पैशांत तनोटची गाडी करा.