‘ट्विस्ट अँड शाउट’ लेननने लिहिलेलं नाही

माझा भाचा अकरावीत आहे, गिटार वाजवतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याचा ग्रुप ‘ट्विस्ट अँड शाउट’ म्हणणार आहे. परवा रात्री निवेदनाचा कागद पुढे करून म्हणाला, “मावशी, एकदा नजर टाक ना.” पहिलंच वाक्य होतं, ‘जॉन लेननने एका रात्रीत लिहिलेलं गाणं’. कुठून आणलंस विचारलं, तर त्याने मोबाइलच दाखवला. गेले काही दिवस माझ्याही दोन ग्रुपवर फिरणारा तोच फॉरवर्ड.

त्यात म्हटलंय की लेननच्या ब्रिटिश बँडचा, बीटल्सचा, पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ एका दिवसात रेकॉर्ड झाला, 14 च्या 14 गाणी त्यांची स्वतःची, शेवटचं गाणं, म्हणजे हेच, लेननने तिथेच लिहून घसा फाटेपर्यंत गायलं आणि पुढे अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी त्याची नक्कल केली, त्यातून सोल संगीत जन्माला आलं.

एका दिवसाची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं देऊन टाकते. 11 फेब्रुवारी 1963 ला लंडनच्या अ‍ॅबी रोडवर सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत काम चाललं आणि अल्बमची 10 गाणी झाली. उरलेली 4 आधीच्या दोन सिंगल्सवरची (सिंगल म्हणजे दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड), 1962 मध्येच रेकॉर्ड केलेली.

‘सगळी स्वतःची’ हे खोडायला अभ्यास लागत नाही. रेकॉर्डचं कव्हर उलटं करा. मागे प्रत्येक गाण्यापुढे कंसात रचनाकारांची नावं छापलेली आहेत. मॅकार्टनी-लेनन, म्हणजे बँडमधली गाणी लिहिणारी जोडी, हे नाव 8 गाण्यांपुढे आहे, 6 गाण्यांपुढे नाही. त्या 6 पैकी निदान 5 गाणी बीटल्सच्या आधी अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांच्या रेकॉर्डवर आली होती. ‘चेन्स’ द कुकीजची. ‘बेबी इट्स यू’ आणि ‘बॉइज’ न्यू जर्सीतल्या शिरेल्सची. ‘बॉइज’ तर मुलींनी मुलांबद्दल म्हटलेलं गाणं, आणि बीटल्सचा ड्रमर रिंगोने ते जवळपास तसंच उचलून आनंदाने गायलंय. ‘अ‍ॅना’ अलाबामाच्या आर्थर अलेक्झांडरचं, शब्द आणि चाल दोन्ही त्याचंच. बीटल्सने गायलेल्या गाण्याचा हा कर्ता पुढे क्लीव्हलंडमध्ये कित्येक वर्षं बस चालवत होता. त्याचं नाव त्या कंसात आहे, फॉरवर्डमध्ये नाही. माझा राग याचा आहे.

आता नकलेचं. ‘ट्विस्ट अँड शाउट’पुढच्या कंसात मेडली-रसेल असं आहे: फिल मेडली आणि बर्ट बर्न्स. रसेल हे बर्न्सचंच लिहिण्यासाठी घेतलेलं नाव. 1961 मध्ये टॉप नोट्स या अमेरिकन ग्रुपने ते पहिल्यांदा गायलं. ती रेकॉर्ड बर्न्सला अजिबात पटली नाही, म्हणून 1962 मध्ये त्याने आयझली ब्रदर्स या काळ्या भावांच्या ग्रुपकडून स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा गाऊन घेतलं आणि अमेरिकेत ते गाजलं. म्हणजे ज्यांनी ‘नक्कल केली’ म्हणतात, त्यांची रेकॉर्ड लेनन माइकसमोर उभा राहण्याच्या आधीच्या वर्षीच बाजारात होती!

भाच्याला दोन्ही रेकॉर्ड एकामागोमाग ऐकवल्या. मधे एक जागा येते, ‘आ’ वर ‘आ’ चढत जातो आणि शेवटी सगळे मिळून किंचाळतात. आमच्या पोरांनी तालमीत सगळ्यात जास्त घोटलेली हीच जागा. ती आयझली बंधूंच्या रेकॉर्डवर जशीच्या तशी आहे. त्यांच्याकडे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आहे, बीटल्सने तिथे गिटारी घातल्या. लेननचा आवाज मात्र त्याचा स्वतःचा, हे मान्यच करायला हवं. त्या दिवशी त्याला सर्दी होती, घसा बसणार हे ओळखून निर्माता जॉर्ज मार्टिनने हे गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि पहिलाच टेक आपण आजवर ऐकतोय. दुसऱ्या टेकला आवाज उरलाच नव्हता. तेवढं कौतुक पुरेसं आहे, त्यासाठी गाणं त्याच्या नावावर करायची गरज नाही.

सोलच्या जन्माबद्दल फार लिहीत नाही. मोटाउन ही काळ्या कलाकारांचं सोल गाजवणारी अमेरिकन रेकॉर्ड कंपनी 1959 ची. शिरेल्स जानेवारी 1961 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होत्या, आणि बीटल्सचं पहिलं सिंगल ‘लव्ह मी डू’ आलं ऑक्टोबर 1962 मध्ये. बीटल्सने स्वतः हे ऋण कधी लपवलं नाही. दुसऱ्या अल्बममध्येही त्यांनी मोटाउनची 3 गाणी घेतली आणि 1964 च्या ब्रिटन दौऱ्यावर मोटाउनची गायिका मेरी वेल्सला सोबत नेलं.

भाच्याने ते वाक्य खोडलं. मग विचारलं, “मावशी, इस्ले की आयस्ली?” आयझली, म्हटलं. नवं वाक्य असं आहे: ‘फिल मेडली आणि बर्ट बर्न्स यांचं, आयझली ब्रदर्सनी गाजवलेलं आणि बीटल्सने आपल्यापर्यंत आणलेलं गाणं’. निवेदन करणारी मुलगी म्हणते लांब होतंय. होऊ दे.