एकाच काट्यावर तोलून दाखवा की!

काल बोराबाजारातल्या एका दुकानात दीड तास घालवून आलो, डोकं अजून ठणकतंय. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे. ताई महिनाभर मागे लागली होती, "आता तरी डिजिटल घे रे, ऐन अंतरपाट निघताना तुझा रोल संपायला नको." म्हणून गेलो. मागणी एवढीच होती की साधारण एकाच किमतीचे हे दोन कॅमेरे, हॉलमधल्या उजेडात कुठला बरा, ते दाखवा.

त्या पोराने एकाला एफ २.८ चा (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त) जाडजूड झूम लावला, दुसऱ्याला कॅमेऱ्यासोबत येणारी साधी १८-५५ लेन्स. दोन्हीकडे आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १६००. काउंटरवरच्या प्लास्टिकच्या फुलांवर क्लिक, क्लिक. "बघा सर, फरक दिसतोय ना?" अरे, दिसणारच! मी माहिती उघडायला लावली. इकडे शटर १/१२५ सेकंद, तिकडे १/३०. दुसऱ्या फोटोत पाकळीची कड दुहेरी आली होती, ती हात हलल्यामुळे. त्यात कॅमेऱ्याचा काय दोष? वर पहिल्याचा स्क्रीन जास्त उजळ ठेवलेला. एकच लेन्स दोन्हींना लाव म्हटलं, तर माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचा, वेगळे, बसत नाही.

मग म्हटलं, दोन्ही मॅन्युअलवर घे. एफ ५.६, १/६०, आयएसओ १६००. आता तरी सारखं यावं? एक फोटो तरीही स्पष्ट दिसेल इतका काळपट. थोडं लेन्सच्या काचेवर ढकललं तरी एवढा फरक? त्यावर तो पोरगा थंडपणे म्हणाला, "सर, आयएसओ कंपनी-कंपनीचं वेगळं असतं."

वेगळं असतं! मग आकडा लिहिता कशाला? आणि खरं सांगतो, तो पोरगा खोटं बोलत नव्हता, याचाच मला जास्त संताप आहे. आयएसओ १२२३२ या मानकातच कंपनीला आपल्या अंदाजाने आकडा सांगायची मुभा आहे. भाजीवालीच्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो, आणि लाखभराच्या वस्तूवर ज्याची त्याची वजनं चालतात!

माझ्या निकॉन एफएम-२ मध्ये ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म टाकली, उरलेला रोल बाबांच्या याशिका कॅमेऱ्यात टाकला, एकाच टाकीत धुतले आणि शेजारी-शेजारी कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच मापाचे छोटे प्रिंट) काढली. जो फरक दिसला तो लेन्सचा. बॉडी म्हणजे उजेड आत न येऊ देणारा डबा. कृष्णधवल निगेटिव्हचा आयएसओ तिचा काळेपणा मोजून ठरतो, दुकानदाराच्या तोंडावरून नाही. आता रोल, डबा आणि लॅब, तिन्ही एकाच बॉडीत कोंबून सील केलेत. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेल्या फोटोत, दाणा पुसून, रंग भडक करून चित्र बाहेर येतं. मी नेमकी कशाची तुलना करायची?

मेगापिक्सेलचं तर नावच काढू नका. २४ म्हणतात, त्यातले १२ हिरवं बघतात, ६ लाल, ६ निळं, बाकी सगळं हिशेबाने भरलेलं. १२ वरून २४ वर गेलं तरी लांबी-रुंदीत फरक जेमतेम १.४ पट. आठ बाय दहाच्या झकास प्रिंटला ७.२ पुरतात. आमचा चुलतभाऊ मात्र फोन नाचवत २०० सांगतो.

"१ इंची" सेन्सर? १३.२ बाय ८.८ मिलिमीटर! कर्णसुद्धा १६ मिलिमीटरला टेकत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळीचं माप अजून ग्राहकाच्या माथी मारतात. त्याच्यापुढे लेन्स २२० मिलिमीटरची, ३५ मिमी रोलच्या हिशेबात आणायला २.७ ने गुणून जाहिरातीत ६००. आणि एफ ४? तो तसाच! पार्श्वभूमी धूसर करायच्या हिशेबात त्यालाही २.७ ने गुणलं तर एफ ११ होतो, पण ते कोण छापेल? मागच्या स्क्रीनवर "१० लाख डॉट" लिहितात. एका पिक्सेलचे तीन डॉट मोजतात म्हणून. खरे पिक्सेल साडेतीन लाखही नाहीत.

रोल महाग झालाय, धुणारे स्टुडिओ बोटांवर मोजण्याइतके उरलेत, हे मला कोणी सांगू नये. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली तेव्हापासून सोसतोय मी. पण डबीवर ४०० लिहिलेला रोल मी कुठल्याही कॅमेऱ्यात टाकला तरी तो तोच रोल असतो. एवढा भरवसा मला लाखभर रुपयांत मिळत नसेल, तर मी ते का मोजू?

दुकानातून उठलो, दोन दुकानं पुढे जाऊन पाच रोल घेतले. १८० फोटो. ताईला तिथूनच फोन केला, की मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यात नवा रोल भरलेला असेल, तू काळजी करू नकोस.