व्हॉट्सॲपवर नको, मेलवरच पाठवते

"ताई, व्हॉट्सॲपवरच टाका ना, मेल कोण उघडतं आता?" आमच्या गटात नवा स्वयंसेवक आला की पहिल्याच आठवड्यात हे ऐकू येतं. मी दर वेळी नाही म्हणते. का, ते एकदा सविस्तर लिहायचं होतं.

आम्ही अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं टाइप करतो. पुस्तक स्कॅन करायचं, दहा-दहा पानं एकेकाला पाठवायची, टाइप होऊन आली की दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. मग ती फाईल मुलं एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतात.

आता 'घ' आणि 'ध' शेजारी लिहून बघा. फरक असतो तो शिरोरेषेतल्या बारीकशा फटीचा. 'भ' आणि 'म'चंही तेच. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की तो दाबून लहान होतो, आणि जुन्या पुस्तकाच्या पिवळ्या पानावर ही फट पहिली बुजते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर पान जसंच्या तसं जातं, मान्य. पण चार दिवसांनी ते शुभ सकाळच्या फुलांखाली शोधायचं कसं? मेलमध्ये विषयाच्या ओळीत 'इतिहास, प्रकरण ३, पानं ४१ ते ५०' लिहिलं की वर्षभरानेही सापडतं, आणि कुणाकडे काय आहे यावर वाद होत नाही.

मेलमध्येही चुका होतात. माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगते. एका काकांनी चाळीस पानं मन लावून टाइप केली, शुद्धलेखन अगदी चोख. मी ती तशीच पुढे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती फाईल ज्या विद्यार्थिनीसाठी होती तिचा फोन, "ताई, फाईल उघडतेय, पण मराठी नाहीये त्यात." फाईल कृतीदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये आपल्याला 'मराठी' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. युनिकोडमध्ये टाइप केलं तर संगणकालाही ती मराठी अक्षरंच असतात. डोळस माणसाला काहीच कळत नाही, आणि जिच्यासाठी सगळा खटाटोप तिच्या कानावर नुसता गोंगाट. परीक्षा आठ दिवसांवर होती. पहिल्या मेलमध्ये 'फक्त युनिकोड' हे दोन शब्द मी लिहिले असते तर काकांची मेहनत आणि तिचे दोन दिवस वाचले असते. तेव्हापासून प्रत्येक मेलची पहिली ओळ तीच असते.

दुसरा घोळ लिंकचा. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाईल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. परवानगी द्यायची राहिली तर रात्री अकराला, मुलं झोपल्यावर, कामाला बसलेली बाई 'ॲक्सेस मागा' असं वाचून लॅपटॉप मिटते. दिवसभरात तिला तेवढाच वेळ असतो हो! म्हणून लिंक आधी दुसऱ्या खात्यातून उघडून बघायची, मगच पाठवायची. आणि सगळ्यांना एकत्र मेल करताना पत्ते बीसीसीत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. स्वतःचे पत्ते तीस अनोळखी लोकांना वाटायला कुणी आपल्याला दिलेले नसतात.

'हे कायद्यात बसतं का' असंही विचारतात. बसतं. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी अशी प्रत करायला मुभा मिळाली. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार २०१३ चा, आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यात आधी मंजुरी देणारा देश भारत होता. पण ही मुभा त्या वाचकांसाठी आहे. म्हणून कळकळीने सांगते, आलेलं पुस्तक 'छान आहे, वाचा' म्हणून मावशीला, भावाला पुढे ढकलू नका. आपल्या एका फॉरवर्डने या मुलांच्या हक्काच्या सोयीवर बोट ठेवलं जाईल.

गेल्या आठवड्यात त्याच मुलीचा मेल आला. विषयाच्या ओळीत पुस्तकाचं नाव, प्रकरण, पान, सगळं नीट. आत एकच वाक्य: "ताई, पान ८७ वर 'धर झाडून घेतले' असं ऐकू येतंय, तिथे 'घर' आहे ना?"

मूळ पान उघडून पाहिलं. घरच होतं.