‘सोयीची श्रद्धा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या प्रेअरीवरल्या (गवताळ माळावरल्या) मेनोनाइट शेतकऱ्यांविषयीचा, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांविषयीचा, माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमच्या प्रतिक्रियेचा गोषवारा असा : ही माणसं श्रद्धाळू कमी, व्यवहारी जास्त. रशियाच्या सम्राज्ञीकडून जमीन आणि सैन्यातून सूट मिळवली, ती सूट जायला लागल्यावर कॅनडाकडून तेच पदरात पाडून घेतलं. दुसऱ्यांची मुलं लढाईत मरत होती तेव्हा यांची मुलं नांगर धरून होती. शिवाय जमीन मुळात तिथल्या मूळ रहिवाशांची. ‘ही सोयीची श्रद्धा आहे, तिचं कौतुक कसलं?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत.

सौदा झाला होता, हे मी नाकारत नाही. पण जमीन आणि सैनिक एकाच कागदावर कुणी आणले ते पाहा. हे लोक मूळचे बरेचसे डच. नंतर आजच्या पोलंडमधल्या व्हिश्चुला नदीच्या मुखाजवळ दलदल उपसून त्यांनी शेती उभी केली. तिथे प्रशियाच्या राज्यात जमिनीला लष्करी बांधिलकी चिकटलेली होती, त्यामुळे शस्त्र न धरणाऱ्या मेनोनाइटांना नवी जमीन घेण्यावर बंधनं आली. घरात मुलं वाढत होती आणि शिवार तेवढंच. अशा वेळी रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या सरकारनं दक्षिणेकडची, आजच्या युक्रेनमधली, गवताळ जमीन देऊ केली : कुटुंबाला ६५ देस्यातिन, म्हणजे सुमारे १७५ एकर. १७८९ मध्ये खोर्तित्सा वसलं, १८०४ मध्ये मोलोच्ना. बदल्यात पडीक माळ पिकवायचा आणि ऑर्थोडॉक्स रशियनांत धर्मप्रचार करायचा नाही. राजाला शेतकरी हवा होता, शेतकऱ्याला सैनिक व्हायचं नव्हतं. यात लपवाछपवी कुठे आहे? शस्त्र न धरण्याचा त्यांचा नेम तर या सनदेच्या अडीचशे वर्षं आधीचा. त्या काळात, १५२७ साली, झुरिकमध्ये त्यांच्या पंथपूर्वजांपैकी फेलिक्स मान्झला पुनर्बाप्तिस्म्याच्या (मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या) गुन्ह्यासाठी लिमाट नदीत बुडवून मारलं होतं. तेव्हा कुणी त्यांना जमीन देत नव्हतं.

माझ्या मते श्रद्धा सोयीची की कशी, हे सनद मिळाली तेव्हा ठरत नाही. ती फाटली तेव्हा कोण काय करतो, यावर ठरतं. रशियात १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. मेनोनाइटांना सैन्याऐवजी जंगलखात्यात सेवेची मुभा मिळत होती आणि बहुसंख्यांनी ती पत्करलीही. बाकीच्यांना, म्हणजे एकूण लोकांच्या अंदाजे एक तृतीयांशांना, तेवढीही तडजोड नको होती. तीन पिढ्यांनी कसलेली काळी जमीन विकून ते निघाले. सुमारे दहा हजार अमेरिकेत गेले, कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटाकडे. सुमारे सात हजार मॅनिटोबात.

तिथे ‘पदरात’ काय पडलं, तेही सांगतो. १ ऑगस्ट १८७४ रोजी पहिली टोळी रॅट आणि रेड नद्यांच्या संगमावर आगबोटीतून उतरली. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खणलेल्या, वर गवत-माती घातलेल्या झोपड्यांत काढला. १८७५ मध्ये टोळधाडीनं पीक खाल्लं. तगून राहायला सरकारकडून सुमारे ९६ हजार डॉलर कर्ज घ्यावं लागलं आणि त्याला जामीन राहिले ऑन्टारियोतले मेनोनाइट शेतकरी, ज्यांची यांच्याशी ना बोली जुळत होती ना नातं. कर्ज फेडलं गेलं.

इतर वसाहतवाले नदीकाठ आणि झाडी शोधत होते, कारण उघड्या माळावर सरपण नाही. या लोकांना स्टेपची, म्हणजे रशियातल्या उघड्या गवताळ माळाची, सवय होती. शेण आणि पेंढा तुडवून, त्याचे ठोकळे कापून वाळवायचे आणि घराच्या मधोमध असलेल्या विटांच्या भट्टीत जाळायचे. आपल्या गोवऱ्याच म्हणा की. घराला लागून गोठा, मध्ये दार. बाहेर उणे तीस असताना धार काढायला अंगणात जावं लागत नसे.

तुम्हाला हे ‘व्यवहारी’ वाटेल. मला त्यांची श्रद्धा नेमकी इथे दिसते, रविवारच्या लांबलचक प्रवचनापेक्षा जास्त. (ती प्रवचनं वाचून दाखवत, उत्स्फूर्त बोलणं जुन्या मंडळींना अहंकाराचं वाटे.) कॅनडाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येकानं आपापल्या १६० एकरांवर घर बांधायचं होतं. त्यांनी सवलत मागून घेतली, एका रस्त्याच्या दुतर्फा गावं वसवली आणि कागदावर एकेकट्याच्या नावावर असलेली जमीन गावाच्या समजुतीनं वाटून कसली. चांगल्या मातीची एक पट्टी तुला, पाणथळ एक तुला, तशीच मला. कुणाचं घर जळलं तर नुकसान सगळ्यांवर बसे. अनाथांचा वारसा सांभाळायला वेगळी पेढी होती, ‘वाइझेनआम्ट’ : मूल सज्ञान होईपर्यंत पैसे तिथे व्याजानं राहत आणि मुलींचा वाटा मुलांइतकाच असे. ही व्यवस्था गुलाबी नव्हती. एखाद्यानं गावातून उठून आपल्या मालकीच्या १६० एकरांवर घर बांधलं, तर त्याला चर्चमधून बाहेर काढायलाही वडीलधारे कचरत नसत. कायदा मात्र त्याच्याच बाजूनं होता, म्हणून पुढे बरीच गावं मोडली.

दुसरी, कॅनडाची सनदही फाटलीच. २३ जुलै १८७३ च्या सरकारी पत्रात शाळा स्वतःच्या पद्धतीनं चालवण्याचं आश्वासन होतं. प्रत्यक्ष हुकूम निघाला तेव्हा त्यात ‘कायद्यानुसार’ एवढी पुस्ती हळूच जोडली गेली आणि शिक्षणाचा कायदा होता प्रांताच्या हाती. १९१६ मध्ये मॅनिटोबानं इंग्रजी शाळा सक्तीची केली. दंड झाले, लोक न्यायालयात गेले, हरले. १९२२ पासून सहा-सात हजार मेनोनाइट मेक्सिकोतल्या चिवावाकडे निघाले, पुन्हा उघड्या माळावर. जास्त लोक मागेच राहिले आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागले. व्यक्तिशः मी राहणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मुलांना देशाची भाषा नाकारण्यात मला धर्म दिसत नाही. पण निघालेल्यांना सोयवादी म्हणणं मात्र मला जमणार नाही.

आता ‘दुसऱ्यांची मुलं मरत होती’. हा प्रश्न त्यांना बाहेरच्यांनी विचारण्याआधी त्यांनीच एकमेकांना विचारला होता. १९१८-१९ च्या रशियन यादवीत युक्रेनमधल्या जुन्या वसाहतींवर माख्नो या अराजकवादी बंडखोराच्या टोळ्या तुटून पडल्या, तेव्हा मोलोच्नाच्या तरुणांनी बंदुका उचलून संरक्षक दल उभं केलं. त्यानं फार काही वाचलं नाही आणि बंदुका का उचलल्या यावरची भांडणं निर्वासितांबरोबर १९२० च्या दशकात कॅनडात पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात दहा हजारांवर लोकांनी विवेकाच्या कारणानं शस्त्र नाकारलं, त्यांत बहुतेक मेनोनाइट. न्यायाधीशासमोर उभं राहायचं, ‘बहिणीवर कुणी हात टाकला तर काय करशील?’ याचं उत्तर द्यायचं आणि मग रोजी ५० सेंटवर रस्ते बांधायचे, झाडं लावायची, वणवे विझवायचे. पुढे शेतांवर कामाला लावलं तेव्हा महिन्याला २५ डॉलर हातात, वरची कमाई रेडक्रॉसला. हे खंदकात मरण्यासारखं नाही, मान्य. त्याच वेळी हजारो मेनोनाइट मुलं सैन्यातही गेली. परतल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याच चर्चमध्ये जागा उरली नव्हती. घरच्या शांतिवाद्यांनी त्यांना दिलेली ही वागणूक मला त्या पोरांच्या बंदुकीपेक्षा जास्त खटकते.

जाता जाता, ही माणसं फक्त आपल्यापुरती जगली असंही नाही. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी हिंदुस्थानात धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये धमतरीला त्यांचं मिशन सुरू झालं, नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रांतात.

तुमचा जमिनीचा मुद्दा मात्र सगळ्यांत जड आहे आणि त्याला ‘सरकारनं दिली, यांनी घेतली’ हे उत्तर पुरत नाही. हिंसा न करणाऱ्याला हिंसेनं किंवा फसवणुकीनं मोकळी झालेली जमीन चालते का? मॅनिटोबात मेनोनाइट उतरण्याच्या तीनच वर्षं आधी, १८७१ मध्ये, पहिला करार करून अनिशिनाबे आणि क्री या मूळ रहिवाशांना राखीव तुकड्यांवर सारलं होतं. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातलं लेअर्ड गाव तर याहून उघड उदाहरण. यंग चिपेवायन या क्री गटासाठी तिथे राखीव क्षेत्र क्रमांक १०७ आखलं होतं. ज्यांच्या शिकारीवर ते जगत ते बायसन (रानगवे) संपले, उपासमार झाली, लोक पांगले. १८९७ मध्ये सरकारनं त्यांची संमती न घेता, मोबदला न देता ती जमीन काढून घेतली आणि लगेच मेनोनाइट व लुथरन (दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) शेतकऱ्यांना खुली केली. १९७६ मध्ये वंशज जमीन मागायला आले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना आधी भीतीच वाटली. हातात रीतसर कागद असलेला कुठलाही शेतकरी घाबरेल. तीस वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, तिथल्याच स्टोनी नोल टेकडीवर तिन्ही बाजूंचे लोक जमले आणि या गटाला न्याय मिळावा म्हणून एकत्र प्रयत्न करण्याच्या समजुतीवर सह्या झाल्या. वारस कोण हे सिद्ध केल्याशिवाय सरकार दावा ऐकेना, म्हणून वंशावळी जुळवायच्या कामाला मेनोनाइटांनीही पैसे उभे केले. जमीन अजून त्या शेतकऱ्यांच्याच नांगराखाली आहे. तुमचा ‘सोयीची’ हा शब्द मला कुठे लागू पडतो असं विचाराल तर इथे, आणि तोही लेअर्डच्या त्या सह्या करणाऱ्यांपेक्षा सह्या न करणाऱ्यांना.