चंद्र, पंचिंग मशीन आणि मी

आमच्या कोथरूडात दर रविवारी एक विज्ञानकट्टा भरतो, दहाबारा माणसं, एक फळा आणि चहा ज्याचा त्यानं आणायचा. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर गप्प बसून ऐकायचं असं ठरवूनच गेलो होतो, पण स्वभावाला औषध नाही, उगवतीचा चंद्र एवढा मोठा का दिसतो हा विषय निघाला आणि माझा हात वर. "सोप्पंय हो, वातावरण भिंगासारखं काम करतं, सगळ्यांना माहितीये!" परवाच व्हॉट्सॅपवर वाचलं होतं ना.

शांतता. मग रिटायर्ड फिजिक्सच्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मोजलंत का?"

काय मोजायचं, चंद्र?

"पंचिंग मशीननं कार्डाला भोक पाडा, हात लांब करा, भोकातून बघा. आणि आधी कट्ट्याची वही चाळा, हा प्रश्न तिसऱ्यांदा आलाय." शेजारचे काका पुटपुटले, "चौथ्यांदा."

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर गेलो. संध्याकाळी कॅम्पाच्या बाजूनं चंद्र वर आला, परातीएवढा! कार्ड धरलं, तर पठ्ठ्या भोकात अगदी बरोब्बर बसला. मध्यरात्री सगळे मसाला दूध पितायत आणि मी परत कार्ड धरून उभा, चंद्र डोक्यावर, तेच भोक, तेवढाच चंद्र. डोळ्याशी होणारा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास, दोन्ही वेळा. वहीत पुढे हेही होतं की वातावरणामुळे क्षितिजावरचा चंद्र उलट उभ्या दिशेनं थोडा चेपतो, आणि डोक्यावरचा चंद्र आपल्याला क्षितिजावरच्यापेक्षा जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे 6,400 किलोमीटरच्या आसपास जवळ असतो, म्हणून मोठा म्हणायचाच तर किंचित तोच. बाकी सगळा खेळ आपल्या मेंदूचा, आणि मेंदू तो नेमका का खेळतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाहीये. म्हणजे ज्याला मी सोप्पंय म्हणालो ते.

वाकून दोन पायांमधून बघितलं की चंद्र लहान वाटतो असंही लिहिलं होतं, म्हणून पुढच्या संध्याकाळी तेही करून पाहिलं. वाटतो खरं. पण त्याच वेळी टाकी बघायला सेक्रेटरी वर आले, आणि तेव्हापासून ते मला लिफ्टमध्ये एकट्याला सोडत नाहीत.

रविवारी गेलो, आधीच कबूल केलं की मागचं माझं चुकलं, आकडे फळ्यावर मांडले. मॅडमनी मान डोलावली. मी फुगलो.

"छान. किती वाजता मोजलंत?"

वेळ लिहायची राहिलीच होती.