‘एका दिवसात गॅरेज चकाचक’ : त्या मेसेजमधल्या एकेका ओळीचं काय करायचं

हा मेसेज गेल्या महिनाभरात मला चार ग्रुपांवर आला, त्यातले दोन नात्यातले. थोडक्यात असा : ‘जुन्या सिमेंटच्या फरशीवर पहाटे ॲसिड ओता, खराट्याने घासा, धुवा. तेलाचे डाग हट्टी असतील तर ॲसिडमध्ये मूठभर ब्लीचिंग पावडर टाका. दोन तास वाळू द्या. ऊन चढायच्या आत रंग मारा, म्हणजे दिवसभरात कडक वाळतो. साधा तेलरंग चालतो, इपॉक्सी घेतलात तर उत्तमच. दोन हात मारा, दहा वर्षं बघायला नको.’

आमच्या रत्नागिरीकडच्या घराला गाडीची खोली आहे. गावात गॅरेज म्हटलं की लोकांना मेकॅनिकच आठवतो, पण वडिलांनी फियाट घेतली तेव्हापासून घरात त्या खोलीला गॅरेजच म्हणतात. 2019 साली मी तिथे जवळपास याच कृतीने रंग मारून घेतला. हा मेसेज तेव्हा नव्हता, पण सल्ला हाच होता. चार महिन्यांत चार चाकांच्या जागी चार मोठे पोपडे सुटले. त्यातला एक उचलून पालथा केला, तर रंगाच्या पाठीला राखाडी पीठ चिकटलेलं. बोट फिरवलं की बोटावर येत होतं. म्हणजे रंगाने आपलं काम चोख केलं होतं, धरलं ते मात्र जमिनीवरच्या पिठाला.

आता मेसेजकडे.

सगळ्यात आधी ब्लीचिंग पावडर, कारण बाकी चुकांनी पैसे जातात, या चुकीने जीव जाऊ शकतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, आणि खाली वाकून घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं. शटर अर्धं ओढलेल्या खोलीत हे करायचंच नाही, आणि उघड्यावर करण्याचंही काही कारण नाही. ही ओळ असलेला मेसेज निदान ही ओळ खोडून तरी पुढे पाठवा.

‘ॲसिड ओता, खराट्याने घासा, धुवा.’ म्हणजे ॲसिडने सगळं निघतं असा समज. बाटलीतलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते सिमेंटमधल्या चुन्यावर फेसाळतं, म्हणून काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. इंजिन ऑइलवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. उलट तेलाने भरलेल्या जागी ते सिमेंटपर्यंत पोचतच नाही. तिथे फेस येत नाही, आणि तोच तेलाचा पुरावा. तेल काढायचं तर आधी धुण्याचा सोडा किंवा चांगला डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) गरम पाण्यात घालून तारेच्या ब्रशने घासा, पाणी टिपून घ्या, आणि पुन्हा तेच. आमच्या फियाटच्या चेंबरखालची जागा पाच वेळा घासली तेव्हा कुठे पाणी मुरायला लागलं. परीक्षा सोपी : चमचाभर पाणी टाका. जमिनीने ते पिऊन काळपट डाग धरला तर ठीक. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब राहिले, तर तिथे रंग धरणार नाही.

तेल गेल्यावर ॲसिडचा उपयोग आहे, हे मान्य. पण त्यातून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. शिवाय वरचा थर सुटून पीठ होतं. हे दोन्ही भरपूर पाण्याने, परत परत धुवून घालवावं लागतं. आम्ही दोन बादल्यांत आटोपलं होतं. पोपड्याच्या पाठीवरचं पीठ ते हेच. आणखी एक : ॲसिडच्या वाफेने लोखंड गंजतं. त्या दिवशी सायकल बाहेर काढायची राहिली, तिच्या रिम दुसऱ्या दिवशी तपकिरी. पातळ करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

दुसऱ्या वेळी मी ॲसिडच्या वाटेला गेलोच नाही. मार्बल पॉलिश करणाऱ्याकडून डायमंडचं चाक लावलेलं ग्राइंडर आणलं आणि वरची सिमेंटची साय घासून काढली. हाताला बारीक काचपेपरसारखं लागेपर्यंत. पाणी नको, ॲसिड नको. धूळ मात्र भयंकर उडते, आणि ती साधी धूळ नसते, त्यात फुप्फुसांना घातक अशी सिलिका असते. एन-95 मास्क आणि व्हॅक्यूम असल्याशिवाय हे करू नका.

‘दोन तास वाळू द्या.’ ही ओळ लिहिणारा कोकणातला नसावा. वरचं पाणी दोन तासांत दिसेनासं होतं, एवढंच. जुन्या घरात गाडीच्या खोलीखाली काय असतं? भराव, त्यावर दगडाचं सोलिंग, मग पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट, वर कोबा. मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत तेव्हा नव्हती. आमच्याकडे तर जोतंही जांभ्याचं, म्हणजे पाणी पिणारं. जमिनीतली ओल वाफेच्या रूपात वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती निमूट निघून जाते, वर इपॉक्सीचं, म्हणजे दोन डबे मिसळून कडक होणाऱ्या रंगाचं, झाकण बसलं की खालून ढकलते. आधी फोड, मग पांढरा खार, मग पोपडा.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी 4263 या प्रमाणित पद्धतीत 18 इंच बाय 18 इंचाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून किमान 16 तास ठेवतात. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा जमीन काळवंडलेली असली, तर ओल आहे. मी यात आपल्या हवेपुरती भर घालतो : ही परीक्षा मे महिन्यात घेऊन खूश होऊ नका. मे महिन्यात आमचे तिन्ही तुकडे कोरडे निघाले. जुलैत तेच परत लावले, तर मागच्या भिंतीकडच्या तुकड्याला आतून दहिवरासारखे थेंब. भिंतीपलीकडे परसातल्या पन्हळीचं पाणी मुरत होतं. पन्हळ वळवली, पण ओल पूर्ण गेली नाही.

‘ऊन चढायच्या आत रंग मारा.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण नेमकं उलट आहे. काँक्रीट छिद्राळ असतं, छिद्रांत हवा असते. सकाळी जमीन थंड, मग तापत जाते, आतली हवा फुगते आणि ओल्या रंगातून वर येते. संध्याकाळी बघावं तर रंगावर टाचणीने टोचल्यासारखी शेकडो भोकं. रंग मारायचा तो जमीन निवायला लागल्यावर, तीन-चारच्या सुमाराला. फार उशीरही नको, कारण किनाऱ्यावर रात्री दव धरतं. जमिनीचं तापमान दव धरण्याच्या तापमानापेक्षा किमान 3 अंश वर हवं, असं इपॉक्सीच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. ते पत्रक डब्यासोबत येतं आणि आपण त्याने हात पुसतो.

‘साधा तेलरंग चालतो.’ नाही चालत. सिमेंट अल्कलीयुक्त असतं. ओल आणि अल्कली मिळून तेलरंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतात. खिडकीच्या गजांवर वर्षानुवर्षं टिकणारा रंग कोब्यावर चिकट होऊन सुटतो, तो म्हणूनच. त्यात वर गाडी. हायवेवरून आलेलं टायर गरम असतं, त्यातली तेलकट द्रव्यं रंगात उतरून त्याला मऊ करतात, टायर निवताना आकसतं आणि रंग ओढून काढतं. आमचे पोपडे चाकांखालीच का सुटले, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दुकानदार अस्तर म्हणून रेड ऑक्साइड पुढे करतो, तेही घेऊ नका. ते लोखंडाचं अस्तर. आजीच्या माजघरातला लाल कोबा वेगळा : तिथे लाल रंगद्रव्य सिमेंटमध्येच मिसळून घोटलेलं होतं. वर थरच नाही, तर पोपडा सुटणार कशाचा?

इपॉक्सी घेतलात तर उत्तम, ही अर्धी खरी गोष्ट. दोन डबे असतात, दिलेल्या प्रमाणातच आणि तळापासून ढवळून मिसळायचे. मिसळल्यावर ते आपोआप तापतं, आणि बादलीत जितका जास्त माल तितकं लवकर. आमच्या रंगाऱ्याने पहिल्या खेपेला सगळा माल एकदम मिसळला, चहा घेऊन आला, तर बादलीत काठी उभी. थोडं थोडं मिसळा आणि लगेच जमिनीवर पसरा. शटरपाशी ऊन येत असेल तर तिथे इपॉक्सी पिवळं पडतं, तेवढ्या भागावर वरून उन्हात टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात द्यावा. आणि पहिला हात ओला असताना वर बारीक वाळू भुरभुरवा. पावसात ओल्या चपलेने गुळगुळीत इपॉक्सीवर पाय टाकला की काय होतं, ते माझ्या कोपराला माहीत आहे.

राहिली दहा वर्षं. भेगा भरल्या, तेल काढलं, जमीन घासली आणि खालून ओल नसली, तर कदाचित टिकेलही. ओल असेल तर कुठलाही डबा टिकणार नाही. अशा जमिनीला रंगाच्या नादी न लागता सिलिकेटचं हार्डनर पाजावं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून आतच घट्ट होतं, धूळ सुटणं कमी होतं आणि वाफेला वाट राहते. चमक येत नाही, म्हणून त्याचे मेसेज फिरत नाहीत.

2021 साली मी दुसऱ्यांदा रंग मारला, एका दिवसात नाही, अकरा दिवसांत. त्यातले रंगाचे दोन. मागच्या भिंतीकडची तीन फुटांची पट्टी तशीच सोडली, नुसतं हार्डनर. ती श्रावणात काळपट होते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा पांढरट. आलेगेले विचारतात, रंग पुरला नाही का? मी हो म्हणतो.